चूक गाडीची

स्वयंपाकघरातून खळ्ळकन आवाज येतो. बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेला माणूस पेपरातून डोकं वर न काढता विचारतो, "काय फुटलं?" आत क्षणभर शांतता. मग उत्तर येतं, "कप फुटला." विचारणारा समजूतदार असेल तर प्रकरण इथेच मिटतं. पण समजूतदारपणापेक्षा त्याचं मराठी चांगलं असेल तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "फुटला की फोडलास?" दैव आणि पुरुषार्थ, नियती आणि इच्छास्वातंत्र्य यांवर जगभरच्या तत्त्वज्ञांनी दोन-अडीच हजार वर्षं जो काथ्याकूट केला, तो सगळा या प्रश्नात मावतो आणि वर थोडी जागा उरते. फुटला म्हणजे दैव. फोडला म्हणजे माणूस. कप दोन्हीकडे तोच, तुकडे तेवढेच, ते गोळा करताना बोट कापायची भीतीही तेवढीच. फक्त पहिल्या वाक्यात कपाची कीव येते आणि दुसऱ्या वाक्यात कपाची किंमत आठवते.

मराठी माणूस दैववादी आहे, नशिबावर हवाला ठेवून बसतो, अशी तक्रार एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांपासून आजच्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांपर्यंत सगळ्यांनी करून झाली आहे. ती मान्य करण्यापूर्वी अस्सल दैववादी कसा वागेल हे बघायला हवं. अस्सल दैववादी कप फुटला तरी दैव म्हणेल आणि मुलगा आयआयटीत गेला तरी दैवच म्हणेल. असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडणं कठीण. आपण दैव वापरतो ते छत्रीसारखं. पाऊस आला की उघडायची, उघडीप झाली की मिटायची, आणि मग ती बसमध्ये राहते. (आपण छत्री विसरत नाही. छत्री राहते. हा मुद्दा पुढे येणारच आहे.) तेव्हा माझं म्हणणं असं की दैवाच्या नावाने खडे फोडणारा माणूस हतबल वगैरे मुळीच नसतो. तो अत्यंत स्वतंत्र, सावध आणि शब्द निवडून बोलणारा इसम असतो. याचा पुरावा पत्रिकेत किंवा पंचांगात शोधायला नको. शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकात तो उघड छापलेला आहे.

क्रिया करणारा तो कर्ता, अशी व्याख्या आपल्याकडून घोकून घेतलेली असते. ती 'कप फुटला' या वाक्याला लावून पाहा. क्रिया फुटण्याची. फुटतो कोण? कप. म्हणजे कर्ता कप. साबणाचा हात, खांद्यावर मान वाकडी करून धरलेला फोन, ओट्याच्या अगदी कडेला रचलेला कपांचा मनोरा, यांपैकी कोणाचंही नाव पंचनाम्यात नाही. बरं, कबुली दिली तरी काय होतं? 'मी कप फोडला, मी बशी फोडली, मी तावदान फोडलं.' क्रियापद प्रत्येक वेळी बदलतं, पण ते बदलतं फुटलेल्या वस्तूच्या लिंगाप्रमाणे. फोडणाऱ्याकडे ते ढुंकूनही बघत नाही. व्याकरणात याला कर्मणी प्रयोग म्हणतात. पोलिसात याला काय म्हणतील ते सांगायला नको: आरोपी समोर उभा आणि तपास चाललाय बशीचा. आता याच वाक्यातला माणूस बदलून बघा. 'त्याने कप फोडला.' लगेच 'ने' येऊन मानगूट धरतो. 'तू कप फोडलास.' इथे तर कमाल आहे. क्रियापद कपाचं लिंग सांभाळतं आणि शिवाय शेवटी एक 'स' लावून तुझ्याकडे बोट दाखवतं. 'तुम्ही फोडलात' म्हटलं की आदर राखूनही बोट तिकडेच. व्याकरणकारांनी या चमत्काराला कर्तृ-कर्म संकर असं भारदस्त नाव दिलं आहे. म्हणजे 'तो'ला 'ने' चिकटतो, 'तू'ला 'स' चिकटतो, आणि साऱ्या मराठी मुलखात एकटा 'मी' तेवढा हात हलवत मोकळा निघून जातो. पूर्वी अशी सोय नव्हती. जुन्या मराठीत 'म्यां' होता, त्याच्या डोक्यावर अनुस्वाराचा ठिपका होता, आणि केलेलं काम अंगाला चिकटत होतं. तो 'म्यां' आता गावाकडच्या बोलीत कुठे उरला असेल तेवढाच. 'त्वां'ही गेला, पण त्याच्या बदल्यात 'स'चा बंदोबस्त आपण कायम ठेवला. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, मोरो केशव दामल्यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहिलं. दोघांनी प्रयोगांची चोख व्यवस्था लावली. या व्यवस्थेत फायदा कोणाचा होतो, एवढं सांगायचं मात्र राहून गेलं.

कपाचं ठीक आहे, तो मुका. पण याच न्यायाने आपण कोणाकोणाला कर्ता करून ठेवलं आहे बघा. 'माझी गाडी चुकली.' गाडी वेळापत्रकाप्रमाणे सात वाजून बावीस मिनिटांनी आली, ठरलेल्या फलाटावर उभी राहिली, ठरलेल्या वेळी निघाली. चहा घेत घरी बसलेले आपण. आणि चुकली कोण? गाडी. पोट 'सुटतं', जणू इतकी वर्षं दाव्याला बांधलेलं होतं आणि कोणीतरी रात्रीतून गाठ सोडली. भाजीत मीठ जास्त 'पडतं', अवकाळी पावसासारखं. दूध उतू 'जातं', घरात कोणाला न सांगता. दुपारी डोळा 'लागतो', आणि ज्याचा लागतो तो झोपलेला नसतोच, असं तो शपथेवर सांगतो. नको ते तोंडातून 'निघून जातं'; तोंड म्हणजे एसटी स्टँड, कोण कधी निघून जाईल सांगता येत नाही. या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे 'योग'. एक भाऊ दादरला, दुसरा ठाण्याला. मध्ये लोकलचा पाऊण तास. वर्षभर तोंड बघितलेलं नाही, आणि लग्नाच्या पंगतीत भेटले की दोघेही एकसुरात म्हणतात, "येणं झालं नाही, योगच आला नाही." हा योग पंचांगातला. ग्रहांनी दादर-ठाणे प्रवासात लक्ष घातलं नाही म्हणून भावाची भेट राहिली. तिकीट दहा रुपयांचं, पण ग्रहच वळेनात.

यावर एक शहाणा आक्षेप येतो. तो असा की भाषाच अशी आहे, त्याला माणूस काय करणार? आई-बापांकडून भाषा मिळाली, तिच्यात 'गाडी चुकली' असंच म्हणतात, म्हणून आपण म्हणतो. आक्षेपाला थोडा आधारही आहे. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की या अमेरिकेतल्या संशोधक बायांनी वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्यांना छोट्या चित्रफिती दाखवल्या. फुगा फुटतो, अंडं फुटतं, पेय सांडतं. कधी मुद्दाम, कधी चुकून. मुद्दाम केलेलं कोणी केलं हे सगळ्यांच्याच लक्षात राहिलं. चुकून झालेलं कोणाच्या हातून झालं हे मात्र स्पॅनिश आणि जपानी भाषकांना इंग्रजी भाषकांएवढं आठवेना. त्या भाषांतही अपघातातला कप आपला आपण फुटतो म्हणतात. तर मग झालंच की, भाषा हीच आपली नियती! पण थांबा. 'माझा नाइलाज होता' असं म्हणून सुटायची ही आणखी एक वाट आहे, आणि ती बंद करायला एक शब्द पुरेसा आहे: उशीर. मला उशीर 'होतो'. तू उशीर 'करतोस'. मराठीत दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत, दोन्ही रोज बोलली जातात, आणि उभ्या आयुष्यात कोणी त्यांची अदलाबदल केल्याचं ऐकिवात नाही. घरून निघायला उशीर झालेला नवरा वाटेत बायकोला फोन करून 'मी आज उशीर केला' म्हणाला, तर ती आधी तब्येत विचारील. भाषा आपल्याला एकच रस्ता देती तर तिला दोष देता आला असता. तिने फुटणे आणि फोडणे, पडणे आणि पाडणे, चुकणे आणि चुकवणे, सांडणे आणि सांडवणे अशा जोड्या करून शेल्फवर मांडून ठेवल्या आहेत. उचलणारा हात आपला. तीन वर्षांचं पोरसुद्धा 'दूध सांडलं' आणि 'दादाने सांडवलं' यांत कधी घोटाळा करत नाही. इच्छास्वातंत्र्य नाही म्हणणाऱ्यांनी ते पोर एकदा बघावं.

दुसरा आक्षेप जास्त भाविक आहे. आपण यशाचं श्रेयसुद्धा देवाला देतो की! 'देवाच्या दयेने बरं चाललंय', 'वाडवडिलांची पुण्याई', रिक्षाच्या पाठीवर 'आईचा आशीर्वाद'. खरं आहे, देतो. पण कधी देतो ते पाहा. कोणी सहज 'काय, कसं काय?' विचारलं की देवाची दया पुढे करायची, कारण दृष्ट लागू नये आणि उसने पैसेही मागितले जाऊ नयेत. तोच माणूस दहा मिनिटं थांबला आणि 'एवढा बंगला कसा काय जमवलात?' म्हणाला, की दया बाजूला राहते आणि हकिगत सुरू होते. त्या हकिगतीत प्लॉट मी हेरला, सौदा मी पाडला, गवंड्याला मी शिकवलं, आणि पायरीचा आंबासुद्धा मी लावला. आंब्याने स्वतःहून काही केल्याची नोंद नाही. परीक्षेचंही तेच. पास मी 'होतो', नापास सर 'करतात'. शेजाऱ्याच्या बाबतीत हिशेबाची वही उलटी धरायची असते. त्याची मुलगी चांगल्या घरी पडली तर तिने 'नशीब काढलं', जणू पिशवीत हात घालून चिठ्ठी काढली. त्याचा धंदा बुडाला तर मात्र 'करावे तसे भरावे'. आपल्या म्हणींचा साठा या बाबतीत मोठा मजेशीर आहे. 'दैव देतं आणि कर्म नेतं' ही म्हण शब्दशः घेतली तर मिळालेलं दैवाचं आणि घालवलेलं आपलं, असा उलटा आणि कडक हिशेब सांगते. म्हणूनच ती प्रथमपुरुषी कोणी वापरत नाही. ती नेहमी दुसऱ्याच्या दारावर लावायची पाटी आहे.

आणि 'कर्म' या शब्दाचं आपण काय करून ठेवलं आहे! कर्म म्हणजे कृती, केलेली गोष्ट. पण काही बिनसलं की कपाळावर हात मारून 'माझं कर्म!' म्हणायचं, आणि अर्थ असा की यात मी काहीही केलेलं नाही. 'कर्मधर्मसंयोगाने' या शब्दात कर्म आहे, धर्म आहे, आणि मिळून अर्थ होतो निव्वळ योगायोग. करणीवाचक शब्दाचा इतका बिनकरणीचा उपयोग दुसऱ्या कोणी केला असेल असं वाटत नाही. वास्तविक कर्मसिद्धान्त हा जबाबदारीचा सगळ्यात खडूस सिद्धान्त आहे. संचित, प्रारब्ध, क्रियमाण, तिन्ही खाती तुमच्याच नावावर. प्रारब्ध म्हणजे बाहेरून कोणी लादलेली शिक्षा नव्हे, तुमचीच जुनी उधारी. यातून पळवाट अशी काढली आहे की ती उधारी करणारा मी मागच्या जन्मीचा. तो म्हणजे आधीचा भाडेकरू. विजेचं बिल थकवून गेला, पत्ता ठेवून गेला नाही, आता मीटर आमच्या नावावर आहे म्हणून आम्ही भरतोय. त्याला बोलावून विचारता येत नाही, ही या व्यवस्थेची सगळ्यात मोठी सोय. लोकमान्य टिळकांना ही सोय वापरायला कोणी हरकत घेतली नसती. १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा, वय बावन्न, मधुमेह, मंडालेचा तुरुंग. भोग म्हणावेत तर यापेक्षा वेगळे काय असतात? १९१०-११ च्या हिवाळ्यात तिथे बसून त्यांनी पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहून काढलं. ते १९१५ साली छापलं गेलं, आणि त्यातलं दहावं प्रकरण 'कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य' याच विषयावर आहे. गंमत म्हणजे याच टिळकांनी न्यायालयात ज्यूरीने दोषी ठरवल्यावर, माणसांचं आणि राष्ट्रांचं भवितव्य ठरवणाऱ्या वरच्या शक्ती असतात, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. यात विसंगती दिसत असेल तर ती वरवरची. ज्यूरीचा निकाल त्यांच्या हातात नव्हता, पेन्सिल हातात होती. कोणत्या खात्यात काय लिहायचं हे त्यांना ठाऊक होतं. आपलं नेमकं उलटं होतं. निवडणुकीचा निकाल, क्रिकेटचा सामना, जावयाची बदली यांबाबत 'मी तेव्हाच सांगितलं होतं' म्हणून आपण कर्तेपण घेतो, आणि हातातली पेन्सिल मात्र 'सापडत नाही'.

पत्रिकेला टाळून हा विषय पुरा व्हायचा नाही. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात एक साधी चाचणी घेतली. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या, प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस दिल्या, आणि यातली कोणती पत्रिका कोणत्या गटातली एवढंच ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी काढली तर ती नाणेफेकीच्या पुढे गेली नाही. नाणं दक्षिणाही मागत नाही. पण खरं सांगायचं तर पत्रिका खोटी ठरल्याने पत्रिकेचा व्यवहार बंद पडत नाही, कारण भविष्य कळावं म्हणून पत्रिका बघतो तरी कोण? गुणमेलनात छत्तीस गुण असतात, अठरा जुळले की पुरे. म्हणजे उत्तीर्ण व्हायला पन्नास टक्के लागतात. दहावीला पस्तीस चालतात. इतकी कडक परीक्षा, पण मुलाचं अमेरिकेचं पॅकेज कळलं की साडेसतरा गुणही 'उत्तम' ठरतात आणि मंगळ 'सौम्य' होतो. मुलगा मनात भरला नाही तर अठ्ठावीस गुण जुळूनही नाडी आडवी येते. नकार द्यायचा असतो तो माणसांनीच आधी दिवाणखान्यात बसून ठरवलेला असतो. मग फोनवर शनी-मंगळाच्या तोंडून कळवायचा: 'स्थळ छानच आहे हो, पण पत्रिका जुळत नाही.' ग्रहांना या कामाबद्दल कोणी साधा चहाही विचारत नाही. एवढं मात्र कबूल केलं पाहिजे की या खोटेपणात माया आहे. 'तुमचा मुलगा आमच्या मुलीला आवडला नाही' हे वाक्य दोन घरांना पिढीभर छळलं असतं.

हेल्मेटच्या बाबतीत मात्र माया संपते. हेल्मेट घालायला मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम सांगतं, आणि पुणेकराने त्याविरुद्ध जेवढी विद्वत्ता खर्च केली आहे तेवढ्यात दोन पीएच.डी. झाल्या असत्या. मान दुखते, ऐकू येत नाही, केस जातात (हेही आपले आपण जातात), आणि शेवटी हुकमाचं पान: 'मरण कुठे लिहिलंय ते कोणाला चुकलंय?' ठीक. आता हेच गृहस्थ लक्ष्मी रस्त्यावर स्कूटर लावताना बघा. हँडल लॉक करतात. पुढच्या चाकाला साखळी घालतात. साखळीला कुलूप लावतात, कुलूप ओढून बघतात, दोन पावलं जातात आणि परत येऊन पुन्हा ओढून बघतात. डोकं दैवाच्या स्वाधीन, स्कूटर मात्र स्वतःच्या भरवशावर. स्कूटरची चोरीही कुठेतरी लिहिलेली असेलच ना? पण तो मजकूर बदलता येतो अशी त्यांची पक्की खात्री आहे, आणि ती साखळीच्या वजनावरून कळते.

आता गंभीर आक्षेप. हे सगळं खाऊनपिऊन सुखी लोकांचं झालं, पण नशीब नावाची गोष्ट खरोखर असतेच की नाही? असते. कोणाच्या पोटी जन्म घेतला, कोणत्या गावात, कोणत्या जातीत, पाण्याच्या कोणत्या बाजूला, हे कोणी ठरवून आलेलं नाही. पाचव्या-सहाव्या रात्री सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवणारी आजी याबाबतीत समाजशास्त्रज्ञांच्या फारशी मागे नाही: बाळाच्या आयुष्यातला बराचसा मजकूर त्याला न विचारता लिहिला जातो, हे तिलाही ठाऊक आहे. पाऊस न येणं हा मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचा दोष नव्हे. पण इथेच जरा डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण खऱ्या दैवाच्या आडोशाला बरेच जण येऊन उभे राहतात. पाऊस 'पडत नाही', हे दैव. कांद्याचे भाव 'पडतात', हे तेच क्रियापद, पण इथे निर्यातबंदीचा कागद कोणाच्या तरी सहीने निघालेला असतो. रस्त्यात खड्डा 'पडतो', पिकलेला आंबा पडावा तसा. तो कोणी पाडल्याचं मराठीत आजवर कोणी ऐकलेलं नाही. मग 'गैरसोय होते', 'दिरंगाई झाल्याचं निदर्शनास येतं' आणि 'चौकशी करण्यात येते'. 'करण्यात येईल' हा सरकारी मराठीचा अलंकार म्हणजे कर्त्याला पेन्शनीवर पाठवायची रीत आहे. कप फुटण्यात आणि पूल मोडण्यात फरक केवढा, पण दोन्ही गोष्टी आपल्या आपण होतात. त्यामानाने कायदा बरा. भारतीय दंड संहितेच्या ८० व्या कलमात, आणि तिच्या जागी जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १८ व्या कलमात, अपघाताला माफी आहे. तिथे दाखला दिला आहे तो कुऱ्हाडीचा. माणूस कुऱ्हाडीने काम करतोय, पातं निसटतं, शेजारी उभा असलेला माणूस मरतो. गुन्हा नाही. पण एका अटीवर: काम करणाऱ्याने योग्य ती काळजी घेण्यात कसूर केलेली नसावी. म्हणजे कायद्याला 'पातं निसटलं' हे वाक्य मान्य आहे. फक्त त्याआधी दांडा ठोकून बघितला होतास का, एवढं तो विचारतो. खड्ड्यांच्या बाबतीत दांडा कोणी ठोकून बघितला होता, हे विचारायची सोय व्हायला हवी.

शास्त्राच्या बाजूनेही एक टोला येतो, तो चटकन उरकतो. १९८३ साली बेंजामिन लिबेट या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवलं की माणसाने मनगट हलवायचं ठरवलं असं त्याला वाटायच्या आधीच मेंदूत हालचालीची तयारी सुरू झालेली असते. हालचालीआधी सुमारे अर्धा सेकंद तयारी, आणि 'मी ठरवलं' ही जाणीव त्यानंतर. निर्णय आधी अमलात येतो आणि परिपत्रक मागाहून निघतं, हे ज्यांनी कोणतंही कार्यालय आतून पाहिलं आहे त्यांना नवल वाटायचं कारण नाही. परिपत्रक मागाहून निघालं म्हणून कार्यालय दुसऱ्या कोणाचं होत नाही. खुद्द लिबेटचंही मत असं होतं की शेवटच्या क्षणी थांबायचा अधिकार जाणिवेकडे राहतो. साबणाच्या हाताने सहा कप एकावर एक रचण्यापूर्वी तेवढा वेळ पुष्कळ झाला.

मग म्हणायचं तरी काय? प्रत्येक फुटलेल्या कपामागे 'मी फोडला' म्हणून छाती बडवून घ्यायची? तेही खरं नव्हे, कारण कोणी कप फोडायला म्हणून घासायला घेत नाही. या पेचावर तत्त्वज्ञ अजून भांडतायत, पण परक्या घरी चहा पिताना ज्याचा धक्का लागून कप पडतो तो मराठी पाहुणा हा पेच एका दमात सोडवतो. तो म्हणतो, "अरेरे, माझ्याकडून फुटला." बघा हं. 'फुटला' आहे, म्हणजे मुद्दाम केलेलं नाही, अपघात आहे, दैवाचा वाटा दैवाला दिला. आणि 'माझ्याकडून' आहे, म्हणजे ते दैव ज्या हातातून वाहत आलं तो हात कोणाचा, याची नोंद झाली. व्याकरणाच्या लेखी कर्ता अजूनही कपच, पण वाक्य प्रामाणिक आहे. यावर घरची बाई काय म्हणते? "असू द्या हो, कप काय, फुटायचेच." ती क्षमा करताना त्याचा 'माझ्याकडून' पुसते आणि फक्त 'फुटायचेच' ठेवते. तो पुसायचा अधिकार तिचा. पाहुण्याने स्वतःच आधी 'कप काय, फुटायचेच' म्हटलं असतं, तर शब्द तेच राहिले असते आणि पुढच्या खेपेला चहा स्टीलच्या पेल्यातून आला असता.

हा 'माझ्याकडून' आपल्या घरात पाहुण्यांसमोर निघतो, घरच्यांसमोर क्वचित, आणि सार्वजनिक जीवनात जवळजवळ नाहीच. तिथे 'कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील तर' दिलगिरी 'व्यक्त करण्यात येते'. छापील मजकुराचीही रीत फार वेगळी नाही. मराठी पुस्तकाच्या प्रस्तावनेच्या शेवटी, काही मुद्रणदोष अनवधानाने राहून गेले आहेत, वाचकांनी ते सुधारून घ्यावेत, असं वर्षानुवर्षं छापलं जातं. दोष राहतात ते आपले आपण. सुधारायची वेळ आली की मात्र कर्ता नावासकट हजर होतो, आणि तो असतो वाचक. या लेखातही काही दोष राहिले असतील. शिवाय, आता लक्षात येतंय, लेख बराच लांबला आहे.